एकास बहात्तर

जुबेरने दोह्याहून खोका पाठवला,
खजुराच्या दोन पाकिटांमध्ये दाबून.
झाकणावर चार इंजिनांचं विमान, खाली उसळलेला समुद्र,
आणि अगदी कोपऱ्यात एक कललेलं जहाज.
चित्रकाराने त्याच्यावर फार वेळ घालवलेला नाही.

बर्फाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं पावत्या फाडल्या.
आता खिडकीशी बसून प्लॅस्टिकच्या फांद्यांवरून सुटे भाग कापतो:
पंख, शेपूट, पायलटची खुर्ची,
नखाएवढी तोफ.
कापल्या जागी उरलेला खुंट पॉलिश-पेपरने घासतो.
जैतून म्हणते, सुपारी सोललीत तर चार पैसे तरी येतील.

दाभोळच्या हवेत रंगाला फोड येतात.
पोटाचा फिकट निळा
तीनदा खरवडून काढला.
दोन अर्धी अंगं जुळवून कपड्यांचे चिमटे लावले,
रात्रभर ठेवली तांदळाच्या डब्यावर,
मांजराची उडी पोचणार नाही अशी.
एरियलची तार घरातच सापडली,
साकिबच्या जाळ्यातला सगळ्यात बारीक तंगूस.

पत्रकात लिहिलंय, हे मुळात उतारूंचं विमान.
नंतर पोटाखाली लांब पेटी जोडली,
पंखांखाली बॉम्ब.
ती पेटी म्हणजे भाग एकोणतीस आणि तीस.
मीही जोडली. फट राहिली,
ती पुट्टीने बुजवली.

माझा आजा, हसनमियां परकार, आगवाला.
पाण्याच्या पातळीखाली उभं राहून भट्टीत कोळसा टाकायचा.
विमान त्याने पाहिलंच नसणार.
एकेचाळीसचा फेब्रुवारी, आयर्लंडच्या पश्चिमेला,
एवढं कंपनीच्या पत्रात होतं.
जहाजाचं नाव घरात कुणालाच धड उच्चारता यायचं नाही.
नुसतं "ती आगबोट" म्हणायचे,
जशी काही धोपाव्याची फेरी, संध्याकाळपर्यंत परतणारी.

हेच विमान का मागितलंस, जुबेरने फोनवर विचारलं.
म्हटलं, बघायचं होतं
कसं दिसतं.
मग आम्ही त्याच्या व्हिसाबद्दल बोललो.

हिशेब करून ठेवलाय, हाताला सवय.
पाच फूट चार इंच, भागिले बहात्तर:
आजा बोटाच्या एका पेराएवढा.
माझ्या पायलटशेजारी उभा केला
तर त्याच्या कानाला लागला असता.
पायलटला चेहरा नाही.
आधी रंगवला होता. डोळे फार नीट जमले,
म्हणून पुसला.

शेवटी पाण्याचे स्टिकर.
बशीत पाणी घ्यायचं, कागद बुडवायचा, मिनिटभर थांबायचं,
अक्षरं आपोआप सुटून येतात.
पंखांवरचे क्रॉस छान बसले.
आणि शेपटीसाठी एक रांग,
पांढरी जहाजं, तिळाएवढ्या धुरांड्यांची,
बुडवलेली, मोजलेली.
सात.
चिमट्याने एकेक उचललं, एका रेषेत लावलं,
पावतीपुस्तकातल्या आकड्यांसारखं.
सातवं कागदावरून सुटलं ते हाती येईना.
चिमटा नेला की सरकायचं.
बशीभर फिरलं,
कड दुमडली,
आणि वीज गेली.

दोन दिवस आली नाही. बशी खिडकीतच राहिली.
तिसऱ्या सकाळी पाणी आटलेलं,
जहाज तळाला चिकटलेलं.
नखाने निघेना. जैतूनने राखेने घासलं, तरी निघेना.

शेपटीवर सहा आहेत.
विमान कपाटावर आहे, नाक खाडीकडे.
पाहुणे विचारतात. मी सांगतो,
कोंडोर, जर्मन, चार इंजिनं.

बशी वापरात आहे.
चहा ओततो, फुंकतो,
तळाशी काही नसतं.
पीत गेलं की आधी धुरांडं दिसतं,
मग दुमडलेली कड.
शेवटचा घोट गार झालेला असतो,
पण तो ठेवून चालत नाही.